अपूर्णतेचे रूप : बामानांची 'बोलि' आणि रूपविचाराच्या मर्यादा

१

कलाकृतीला रूप असते आणि त्या रूपाचा उलगडा करणे हे समीक्षेचे काम असते, या दोन विधानांबद्दल आपल्याकडच्या परस्परविरोधी समीक्षासंप्रदायांतही फारसा मतभेद आढळत नाही. रूपाचे निकष कोणते, रूप आणि आशय यांचे नाते कसे, याविषयी पुष्कळ वाद झाले. परंतु रूप ही पूर्ण झालेली, समोर ठेवलेली आणि आस्वादकाच्या इंद्रियांना उपलब्ध असलेली गोष्ट आहे, हे गृहीत मात्र वादाबाहेरच राहिले. पश्चिम आफ्रिकेतील माली या देशातल्या बामाना समाजात 'बोलि' नावाची एक विधिवस्तू आहे. तिच्यासमोर हे गृहीत टिकत नाही. ते का टिकत नाही आणि त्यामुळे आपल्या रूपविचारात कोणती दुरुस्ती करावी लागते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. (मराठीतील 'बोली' या शब्दाशी मांडे भाषासमूहातील या शब्दाचे केवळ उच्चारसाम्य आहे; घोटाळा टाळण्यासाठी येथे तो ऱ्हस्वान्त लिहिला आहे.)

संग्रहालयांतून पाहायला मिळणाऱ्या बोलिंपैकी अनेक एखाद्या चतुष्पाद जनावराची आठवण करून देतात. आखूड जाड पाय, फुगीर धड, पाठीवर वशिंडासारखा उंचवटा. डोळे, कान, तोंड यांची खूण बहुधा नाहीच. काही बोलि मनुष्याकृतीकडे झुकतात, तर काही नुसत्या गोळ्यासारख्या असतात. आत सामान्यतः लाकडाचा गाभा, त्याभोवती सुती कापडाचे वेढे आणि त्यांवर माती, बळी दिलेल्या कोंबड्या-बकऱ्यांचे रक्त, धान्य, मध, चघळलेल्या कोलाच्या बिया, मद्य, वनस्पतींचे अंश अशा नाना द्रव्यांचे थरावर थर. वाळून भेगाळलेले हे काळपट-तपकिरी कवचच पाहणाऱ्याच्या वाट्याला येते. आत काय आहे हे बाहेरून कळत नाही आणि ते कळू नये अशीच योजना असते.

अशा वस्तूचे वर्णन युरोपीय लेखकांनी दीर्घकाळ एकाच विशेषणाने केले : आकारहीन. ती ज्या वर्गात टाकली गेली त्या वर्गाचे नावही बोलके आहे. 'फेटिश' हा शब्द 'फेइतिसो' या पोर्तुगीज शब्दावरून आला. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील व्यापाराच्या व्यवहारात तो कसा घडत गेला, याचा मागोवा विल्यम पीट्झ यांनी १९८५ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधमालेत घेतला आहे. शार्ल द ब्रोस यांनी १७६० मध्ये या शब्दाला धर्मेतिहासातील एका आदिम अवस्थेचा दर्जा दिला. म्हणजे ज्या वस्तूचे मोल युरोपीय व्यापाऱ्याला ठरवता आले नाही, तिच्या मालकाला मोल ठरवण्याची बुद्धीच नाही, असा निष्कर्ष निघाला. 'आकारहीन' हे विशेषण याच निष्कर्षाचे सौंदर्यशास्त्रीय भाषांतर आहे. म्हणून ते निरुपद्रवी वर्णन मानता येत नाही.

२

बोलि आकारहीन आहे, कारण तिच्या कर्त्याला आकार साधला नाही, हे म्हणणे पहिल्याच तपासात कोसळते. बामाना समाजात लाकडी शिल्पे घडविण्याचे काम परंपरेने लोहारांकडे, म्हणजे 'नुमु' समूहाकडे असते. याच लोहारांच्या हातून 'चिवारा' नावाची शिरोभूषणे घडतात. शेतीशी निगडित नृत्यात नर-मादीच्या जोडीने मिरविली जाणारी ही हरिणाकृती आफ्रिकी शिल्पकलेतील सर्वांत परिचित आकृतींपैकी एक आहे. शिंगांची झेप, आयाळीची जाळीदार नक्षी, रिकाम्या जागेचा नेमका वापर यांमुळे युरोपीय आधुनिकतावाद्यांना ती लगेच 'आपली' वाटली. बोलि ज्या गुप्त मंडळांशी जोडलेली आहे, त्यांतील 'कोमो' मंडळाचे प्रमुखपद बहुधा लोहाराकडेच असते. एकाच समूहाच्या हाती रेषेचे इतके प्रभुत्व असताना त्याच समूहाच्या देखरेखीखाली रेषा पुसून टाकणारी वस्तू वाढत असेल, तर तो असमर्थतेचा पुरावा ठरत नाही. तो निर्णय ठरतो.

या निर्णयाला बामाना भाषेत संज्ञाही आहेत. पॅट्रिक मॅकनॉटन यांनी मालीतील एका लोहाराच्या हाताखाली उमेदवारी करून जे संशोधन केले, ते १९८८ मध्ये मांडे लोहारांवरील त्यांच्या ग्रंथात आले. त्यात दोन संज्ञा आपल्या दृष्टीने कळीच्या आहेत. 'जायान' म्हणजे स्पष्टता, नेमकेपणा, वस्तूचे अवयव एकमेकांपासून वेगळे ओळखता येण्याचा गुण. 'दिबी' म्हणजे अंधार, धूसरता, आत काय आहे याचा अंदाज न येणे. चिवारा पहिल्या गुणाची, तर कोमोचे मुखवटे दुसऱ्या गुणाचे. हे मुखवटे आडवे, डोक्यावर धारण करण्याचे असतात. जबडा, शिंगे, पिसे, साळिंदराचे काटे यांवर पुन्हा विधिद्रव्यांचा लेप बसून मूळ कोरीवकाम दिसेनासे होते. बोलित ही प्रक्रिया टोकाला जाते.

येथे रा. भा. पाटणकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात त्यांनी सौंदर्यविषयक संकल्पनांचे स्वरूप द्विध्रुवात्मक असल्याचे मांडले : एक ध्रुव लौकिकतावादी, दुसरा अलौकिकतावादी. जायान आणि दिबी हीसुद्धा एक ध्रुवजोडी आहे. पण तिचा अक्ष वेगळा आहे. कला जीवनाशी जोडलेली की जीवनापासून स्वायत्त, हा प्रश्न बामाना विचारात या रीतीने उभा राहत नाही, कारण दोन्ही प्रकारच्या वस्तू तितक्याच प्रयोजनबद्ध आहेत. तेथील प्रश्न असा आहे : कोणती वस्तू स्पष्ट असावी, कोणती धूसर असावी आणि कोणासमोर? पाहणारा कोण आहे, हा घटक आपल्या सौंदर्यशास्त्रात आस्वादकाच्या 'सहृदयते'पुरता येतो. येथे तो रूपाच्या व्याख्येतच सामील आहे. शेतातील नृत्य गावाने पाहायचे असते, म्हणून चिवारा स्पष्ट. कोमोच्या विधीच्या रात्री स्त्रियांनी आणि दीक्षा न घेतलेल्यांनी घराबाहेर पडायचे नसते. त्यांच्या वाट्याला फक्त आवाज येतो. बोलिचे न दिसणे हेही म्हणून तिच्या रूपाचेच एक अंग आहे.

३

बोलि समजण्यासाठी 'न्यामा' ही संकल्पना अटळ आहे. अभ्यासकांनी तिचा अर्थ स्थूलमानाने 'क्रियेत असणारी ऊर्जा' असा केला आहे. प्रत्येक कृतीतून न्यामा मोकळी होते : शिकारीतून, लोखंड वितळविण्यातून, बळी देण्यातून, शब्द उच्चारण्यातून. ती शुभ वा अशुभ नसते. ती प्रबळ असते; म्हणून तिला हाताळण्याचे ज्ञान लागते. हे ज्ञान, म्हणजे अमुक फल मिळविण्यासाठी अमुक द्रव्य अमुक रीतीने वापरण्याची सिद्ध कृती, 'दालिलु' या नावाने ओळखले जाते. बोलि हे अशा अनेक कृतींचे साठवण आहे. तिच्यावर पडणारा प्रत्येक बळी तिच्या न्यामेत भर घालतो आणि त्याच क्षणी तिच्या पृष्ठभागातही भर घालतो.

या वाक्याचा उत्तरार्ध नीट लक्षात घ्यायला हवा. मूर्ती घडते आणि मग तिची पूजा होते, हा क्रम आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की घडण आणि वापर या दोन अवस्था आपण आपोआप वेगळ्या करतो. बोलिच्या बाबतीत वापर हीच घडण आहे. ती 'पूर्ण झाली' असा क्षण तिच्या आयुष्यात येत नाही. भर पडणे थांबले की ती पूर्ण होत नाही, तिची उपासमार होते. तिचा पृष्ठभाग हा झालेल्या कृतींचा क्रमाने बसलेला साठा आहे. वरचा थर खालच्याला झाकतो, पण रद्द करीत नाही. म्हणून बोलिला रूप नाही असे म्हणण्याऐवजी तिचे रूप अवकाशात नसून काळात आहे असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याची जी मांडणी केली, ती एकाच वेळी उपस्थित असलेल्या वा स्मरणात एकत्र आणता येणाऱ्या घटकांवर उभी आहे. बोलितील घटक उपस्थित आहेत आणि तरीही अनुपलब्ध आहेत. त्यांची परस्परसंगती कोणाही एका पाहणाऱ्याच्या जाणिवेत एकवटत नाही. तिची रक्षा करणाऱ्यालाही आधीच्या पिढ्यांनी घातलेले सारे थर ठाऊक असतीलच असे नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला यापुढचा मुद्दा अधिक जवळचा वाटेल. मांडे समाजात लोहार ज्या जन्मसिद्ध व्यावसायिक वर्गात मोडतात, त्याच 'न्यामाकाला' वर्गात 'जेली', म्हणजे स्तुतिपाठक आणि महाकाव्यगायक, मोडतात. लोखंड तापविणारा आणि वंशावळ गाणारा यांना एकाच वर्गात ठेवण्यामागे एक सुसंगत विचार आहे : दोघेही न्यामा हाताळतात. शब्द हा येथे अर्थाचा वाहक होण्याआधी ऊर्जेचा वाहक असतो. जेलीची स्तुती ऐकणाऱ्याला फुलवते, प्रसंगी त्याला पेलणार नाही इतकी फुलवते. विधीत वापरले जाणारे गुप्त मंत्र, 'किलिसि', पुटपुटून थुंकीसह वस्तूवर टाकले जातात. म्हणजे शब्दही बोलिवर थर होऊन बसतो. ऐकू आलेल्या शब्दाची संहिता करता येते; वाळून कवचाचा भाग झालेल्या शब्दाची करता येत नाही. पाठ्य आणि वस्तू, उच्चार आणि द्रव्य असा आपण गृहीत धरलेला भेद येथे केवळ सैद्धान्तिक पातळीवर नाही, तर अक्षरशः विरघळलेला आहे.

४

बोलिचे अन्वयार्थ लावण्याचे प्रयत्न अनेक झाले. त्यांतील तीन दिशा विचारात घेऊ.

पहिली दिशा मार्सेल ग्रियोल यांच्या परंपरेची. जेर्मेन दियेतर्लां यांचा बामाना धर्मावरील १९५१ चा ग्रंथ आणि युसुफ ताता सिसे यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये सिद्ध केलेला कोमोविषयक अभ्यास हे तिचे मुख्य आधार. या परंपरेत प्रत्येक विधिवस्तू एका सुसंघटित विश्वरचनेचे प्रतीक ठरते. बोलितील द्रव्ये सृष्टीच्या घटकांशी जुळतात आणि ती वस्तू विश्वाचे संक्षिप्त चित्र होते. आफ्रिकी विचाराला तत्त्वज्ञानाचा दर्जा नाकारणाऱ्या काळात या मांडणीने केलेले काम मोठे आहे. मात्र तिची किंमतही आहे. सर्व काही आधीच जुळलेले असेल, तर पुढच्या बळीची गरज उरत नाही. प्रतीक एकदा उकलले की संपते. बोलिला मात्र दर वेळी नव्याने अन्न लागते. ग्रियोल यांनी डोगोन समाजाविषयी उभारलेल्या विश्वचित्राला वाल्टर व्हान बीक यांनी १९९१ मध्ये क्षेत्राभ्यासाच्या आधारे जे आव्हान दिले, त्यानंतर अशा परिपूर्ण प्रणालींकडे अधिक सावधपणे पाहणे भाग आहे.

दुसरी दिशा सेरा ब्रेट-स्मिथ यांची. १९८३ च्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच बोलि 'विषारी अपत्य' होते. जन्म, देह आणि धोका यांच्या अनुषंगाने केलेले हे वाचन वस्तूच्या किळसवाण्या वाटणाऱ्या द्रव्यरूपाला टाळत नाही, हा त्याचा विशेष. शुद्ध रूपाच्या शोधात असलेल्या समीक्षेने ज्या गोष्टीकडे पाठ फिरवली, तिच्याकडे येथे थेट पाहिले जाते. तरीही शेवटी वस्तू दुसऱ्या कशासारखी तरी आहे, हेच सांगितले जाते.

तिसरी दिशा जाँ बाझँ यांची. सेगू प्रदेशाच्या या अभ्यासकाने १९८६ च्या निबंधात बोलिला 'वस्तु-देव' म्हणून समजून घेण्याचा आग्रह धरला. ही वस्तू कोणा अदृश्य देवतेची प्रतिनिधी नाही. ती स्वतःच, तिच्या विशिष्ट द्रव्यांसह आणि विशिष्ट इतिहासासह, एकमेव अशी व्यक्ती आहे. बोलिला नाव असते, कीर्ती असते, दरारा असतो. बाझँ यांच्या या भूमिकेमुळे 'बोलि म्हणजे काय?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'या बोलिचे काय काय झाले?' हा प्रश्न पुढे येतो. प्रस्तुत लेखकाला ही दिशा सर्वांत फलदायी वाटते. कारण तीत प्रतीकार्थाच्या जागी चरित्र येते, आणि ज्या वस्तूचे रूप काळात आहे तिच्यासाठी चरित्र हीच रूपमीमांसा होय.

५

अशा चरित्रातील तीन प्रसंग पाहिले की वरील विवेचनात किती पणाला लागले आहे हे ध्यानात येईल.

बामानांचे सेगू राज्य अठराव्या शतकात उभे राहिले. राजसत्तेच्या स्वतःच्या बोलि होत्या. १८६१ च्या मार्च महिन्यात अल्-हज उमर ताल या इस्लामी धर्मयोद्ध्याने सेगू जिंकले. शेजारच्या मासिना या मुस्लिम राज्याने सेगूच्या बाजूने हस्तक्षेप केला होता आणि सेगूच्या राजाने इस्लाम स्वीकारल्याचा दावा पुढे केला होता. उमरला बोलि सापडल्या. मूर्तिभंजकाने त्या तत्काळ नष्ट कराव्यात अशी आपली अपेक्षा. पण साऱ्याच बोलि लगेच नष्ट झाल्या नाहीत. काही त्याने राखून ठेवल्या, कारण मासिनाविरुद्धच्या वादात त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होता. पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, त्याने मासिनाची राजधानी हमदल्लाही घेतली. न्यामेने भरलेली वस्तू येथे दस्तऐवज झाली. तिला उघड्यावर मांडले जाणे हाच तिचा पराभव होता.

दुसरा प्रसंग १९३१ चा. ग्रियोल यांच्या नेतृत्वाखालील डाकार-जिबूती मोहीम १९३१ ते १९३३ या काळात आफ्रिका ओलांडून गेली आणि साडेतीन हजारांवर वस्तू पॅरिसला घेऊन आली. मोहिमेचा सचिव-अभिलेखपाल, कवी मिशेल लेरिस याची दैनंदिनी १९३४ मध्ये 'लाफ्रिक फांतोम' या नावाने प्रसिद्ध झाली. सप्टेंबर १९३१ मध्ये केमेनी या गावी 'कोनो' मंडळाची विधिवस्तू कशी मिळविली, हे तो लपवीत नाही : दहा फ्रँक पुढे करायचे आणि वस्तू न दिल्यास गाडीत लपलेले पोलीस गावच्या प्रमुखाला धरून नेतील अशी खोटी धमकी द्यायची. दुसऱ्या दिवशी द्याबुगू येथून उचललेली वस्तू गोठलेल्या रक्ताने माखलेली आणि त्याच्या अंदाजाने किमान पंधरा किलो वजनाची होती. आपण पवित्र गोष्टीचा भंग करीत आहोत याची थरारक जाणीव लेरिसला होती, हे त्याच्या लेखनाचे बळ आहे. परंतु ही जाणीव त्याला थांबवीत नाही, उलट तिच्यामुळे त्याच्या अनुभवाला धार येते. पाहण्याची ओढ आणि हिसकावण्याची कृती यांच्यातील अंतर येथे किती कमी आहे, हे समीक्षकाने वारंवार आठवावे असे आहे.

तिसरा प्रसंग अद्याप चालू आहे. त्या मोहिमेचा संग्रह पॅरिसमधील मानवसंग्रहालयातून २००६ मध्ये उघडलेल्या के ब्रान्ली संग्रहालयात आला. काचेआड, नियंत्रित हवेत, योग्य प्रकाशात बोलि ठेवली जाते. कवचाचा एक कणही गळू नये याची काळजी घेतली जाते आणि नवा कण पडू नये याचीही. आपण तिला 'जतन' म्हणतो. परंतु जिचे असणे भर पडण्यात आहे तिची भर थांबविणे म्हणजे तिला तिच्या शेवटच्या थरावर गोठवणे होय. ज्या अर्थाने बोलि प्रथमच 'पूर्ण' झाली, त्याच अर्थाने ती संपली. आपल्या सौंदर्यशास्त्राला हवी असलेली पूर्ण, निर्हेतुक, दर्शनीय वस्तू अशा रीतीने तयार होते. निर्हेतुकता हा तेथे वस्तूचा गुण नसून तिच्यावर झालेल्या कृतीचा परिणाम आहे.

६

मराठी वाचकाला येथे शेंदूर फासलेल्या तांदळ्याची आठवण होईल. थर, अस्पष्ट होत गेलेली आकृती, वापरातून वाढणारी वस्तू ही साम्ये खरी आहेत. फरक मात्र अधिक शिकविणारे आहेत. शेंदूरचर्चित देवता दर्शनासाठी असते. भक्ताने तिला पाहावे आणि तिने भक्ताला, ही तिची मूळ अट. बोलिची अट उलटी आहे. शिवाय २०२२ मध्ये सप्तशृंगगडावरील देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर उतरविल्यावर आतले कोरीव रूप प्रकट झाले आणि त्याचे 'मूळ रूप' म्हणून स्वागत झाले. बोलिचे थर उतरविले तर कापड गुंडाळलेले लाकूड हाती येईल. ते तिचे मूळ रूप नसेल, ती नाहीशी झालेली असेल. क्ष-किरणांनी गाभा दिसू शकेल. पण गाभा दिसणे म्हणजे बोलि दिसणे नव्हे. पृष्ठभागाखाली सत्य असते, हा समीक्षेचा जुना विश्वास येथे कामाचा नाही. द. ग. गोडसे यांनी 'पोत' ही संज्ञा मराठी कलाविचारात रुजविली, तिची या संदर्भात नव्याने मशागत व्हायला हवी : पोत म्हणजे रूपावरचा संस्कार, इतकेच न मानता पोत हेच रूप आणि तेच चरित्र, अशी शक्यता तिच्यात सामावून घ्यावी लागेल.

विधिसंबद्ध मौखिक वाङ्मयाची संहिता मुद्रित करून तिच्यातील प्रतिमा, लय आणि रचनाबंध शोधण्याची पद्धत आपल्या विद्यापीठीय अभ्यासात रूढ आहे. ती निरुपयोगी नाही. परंतु जागरणाच्या वा गोंधळाच्या ज्या संहितेवर आपण प्रबंध लिहितो, ती एका रात्रीचा शेवटचा थर असते आणि आपण तिला पूर्ण कृती मानून चालतो, हे भान बोलिच्या अभ्यासातून यावे. रूपाचा काळ, रूपाचा अधिकारी आणि रूपाचे झाकलेपण हे तीन प्रश्न आपल्या विश्लेषणात आजवर परिशिष्टात राहिले आहेत. त्यांना मुख्य मजकुरात आणणे आवश्यक आहे.

याचा अर्थ समीक्षेने मौन धरावे असा नाही. दिबी हा बामानांच्या कलाविचारातील गुण आहे आणि गुणाचे वर्णन करणे हे समीक्षेचेच काम आहे. मात्र वस्तू धूसर का आहे हे सांगणे आणि ती धूसरता दूर करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम समीक्षेचे. दुसऱ्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नाही. केमेनी गावी तो दहा फ्रँकांना विकत घेतल्याचे भासविण्यात आले, इतकेच.